बर्फ कुणाकडे किती?

श्रोतेहो, नमस्कार.

आज बर्फावरच्या हॉकीबद्दल बोलणार आहे, पण कॅनडा, रशिया, स्वीडन यांना जरा बाजूला ठेवू. थायलंड, कुवेत, मलेशिया, मंगोलिया, फिलिपिन्स, संयुक्त अरब अमिरात आणि आपला भारत, हे देशसुद्धा एकमेकांशी आइस हॉकी खेळतात. नुसतं हौस म्हणून नाही, चांगलं ईर्ष्येनं खेळतात. जपान, कोरिया, कझाकस्तान हे आशियातले तगडे संघ जागतिक अजिंक्यपदाच्या वरच्या गटांत असतात. त्यांच्यासमोर या नवख्यांचा टिकाव लागणं कठीण. म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघानं 2008 साली आशियाई चॅलेंज कप सुरू केला. पहिली स्पर्धा हाँगकाँगला झाली. पुढच्या वर्षी अबुधाबीत भारताचा पुरुष संघ पहिल्यांदा उतरला आणि सपाटून मार खाऊन परतला.

अशा स्पर्धांचे निकाल वाचले की लोक हसतात. एका बाजूला दहा-बारा गोल, दुसऱ्या बाजूला भोपळा! मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. हा फरक बऱ्याचदा कौशल्याचा नसतोच, तो बर्फाचा असतो. वर्षातले किती दिवस, दिवसातले किती तास पायाखाली बर्फ मिळतो, यावर निम्मा निकाल ठरून जातो.

दक्षिण-पूर्व आशियात बर्फ मिळतो तो मॉलमध्ये. मनिला असो की क्वालालंपूर, तिथली रिंक, म्हणजे स्केटिंगचं बर्फाचं मैदान, आधी गिऱ्हाइकांची. कुटुंबं, पोरंटोरं घसरून, धडपडून घरी गेली की संघाला तासाच्या भाड्यानं जागा मिळते. मग एक यंत्र फिरतं. ते खरवडलेला थर काढून घेतं आणि वर गरम पाणी सोडतं. हो, गरमच! गरम पाण्यानं वरचा थर किंचित वितळतो, नवा थर त्याला घट्ट धरतो आणि पृष्ठभाग काचेसारखा होतो. असा गुळगुळीत बर्फ वर्षभर मिळाला की काय होतं? 2017 साली क्वालालंपूरच्या दक्षिण-पूर्व आशियाई खेळांत आइस हॉकी पहिल्यांदा आली आणि पुरुषांचं सुवर्ण फिलिपिन्सनं नेलं. ज्या देशात कधी हिमकण पडत नाही, त्या देशानं!

आता लेहला या. साडेतीन हजार मीटर उंची. इथं बर्फ फुकट, पण डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, फार तर दोन महिने. रात्री पाणी ओतायचं, पहाटेपर्यंत ते गोठू द्यायचं, सकाळी फावड्यानं खरवडायचं आणि ऊन वर येण्याआधी खेळून घ्यायचं. सुरुवातीच्या काळात लष्करी बुटांना पाती ठोकून इथं स्केट्स बनवले जात. गोठलेल्या तळ्यावरच्या अशा मैदानाला कडेनं पूर्ण उंचीचे, चकती अडवणारे फलक असतीलच असं नाही. बंदिस्त रिंकमध्ये पक, म्हणजे कडक रबराची ती दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची चकती, फलकावर आपटून भलत्याच कोनात परत येते. ती कुठं येणार याचा अंदाज सरावानंच येतो. तळ्यावर वाढलेल्या खेळाडूला तो कुठून येणार?

दमाचं गणितही वेगळं आहे. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात, पण खेळाडू एका दमात पाऊण मिनिटच बर्फावर असतो. मग त्याची तुकडी बाहेर, दुसरी आत. ज्यांच्याकडे तीन-चार तुल्यबळ तुकड्या नाहीत, ते शेवटच्या भागात कोसळतात. गोलांची रास लागते ती बहुधा तिथंच.

तरीही आपल्या मुलींचं बघा. संघातल्या बहुतेक जणी लडाखच्या, काही स्पितीच्या. प्रवासाचे पैसे जमवायला लोकवर्गणी काढावी लागली होती. 2016 साली तैपेईत पदार्पण केलं, सगळे सामने हरल्या. 2017 मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला 4-3 असं हरवलं. तो त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. एका गोलानं का होईना! आणि 2025 साली अमिरातीतल्या अल ऐनमध्ये महिलांच्या आशिया चषकात कांस्य. वाळवंटातल्या रिंकमध्ये, तळ्यावर शिकलेल्या मुलींनी.

मंगोलियाची मंडळीही बरीच वर्षं उघड्यावरच्या बर्फावर खेळत होती. 2021 साली उलानबातरला स्टेप अरीना ही बंदिस्त रिंक उभी राहिली आणि त्यांना बारमाही सरावाची सोय झाली.

आपल्याकडे तर अशी रिंक त्याच्या दहा वर्षं आधीच होती! दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी 2011 साली डेहराडूनला ती बांधली. खेळ संपले, आणि मग ती कित्येक वर्षं बंद पडून राहिली. बर्फ गोठवून ठेवायचा म्हणजे विजेचं बिल दिवसरात्र चालू. ते कोण भरणार, इथंच घोडं पेंड खात होतं. आता डागडुजी होऊन ती पुन्हा सुरू झाली आहे आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये तिथं स्केटिंगची आशियाई स्पर्धाही झाली. उद्घाटनाचे फोटो छान आले. लेहच्या मुलामुलींना मे ते नोव्हेंबर तिथं आठवड्याला किती तास मिळणार आहेत, याचं वेळापत्रक कुणी लावलं तर मला ते बघायचं आहे.

नमस्कार.