मिकी म्हातारा का होत नाही?

नमस्कार श्रोतेहो.

परवा माझ्या सात वर्षांच्या नातीला हौसेनं एक जुनं कार्टून दाखवलं, 'स्टीमबोट विली'. 18 नोव्हेंबर 1928 रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात ते लागलं आणि मिकी माऊस जगाला ठाऊक झाला. वाटलं, पोर खूश होईल. तिनं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, हा मिकी नाहीये. हा दुष्ट आहे."

तिचं तरी काय चुकलं? यातला मिकी मांजराला शेपटीला धरून गरगरा फिरवतो. बदकाला काखेत दाबून त्याच्या ओरडण्याचं वाद्य करतो, गाईच्या दातांवर काठ्यांनी सूर वाजवतो. 1928 साली लोक यावर खदखदून हसले. पडद्यावरचं चित्र आणि आवाज एका तालात चालतायत, याचंच केवढं अप्रूप होतं तेव्हा!

मग मिकी लाडका झाला आणि तिथेच त्याची पंचाईत झाली. घराघरांतल्या मुलांचा आदर्श म्हटल्यावर खोड्या कशा काढणार? त्यानं जरा वावगं काही केलं, की पालकांची कुरकुर सुरू. 1934 मध्ये डोनाल्ड डक आला. चिडका, आदळआपट करणारा. मिकीच्या वाट्याचा सगळा व्रात्यपणा हळूहळू त्याच्याकडे गेला. मिकी सभ्य झाला. खरं सांगायचं तर थोडा कंटाळवाणाही.

स्वभावापाठोपाठ चेहराही बदलला. आधी हातमोजे आले, कारण काळ्या अंगावर काळे हात दिसेनात. 1939 च्या सुमारास नुसत्या काळ्या ठिपक्यांच्या जागी पांढऱ्या डोळ्यांत बुबुळं आली. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांनी 1979 मध्ये मिकीची चक्क मोजमापं घेतली. डोक्याच्या लांबीच्या मानानं डोळ्यांचा आकार 27 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर गेला होता. डोकंही अंगाच्या मानानं मोठं झालेलं. मोठं डोकं, मोठे डोळे, फुगीर कपाळ ही तान्ह्या बाळाची लक्षणं, आणि ती दिसली की आपल्याला माया येते. आपण वयाबरोबर बाळाचे बाप्ये होतो. मिकी उलटा चालला, बाप्याचा बाळ झाला!

आता आपण रेडिओवर आहोत, म्हणून आवाजाचंही सांगतो. सुरुवातीची जवळजवळ वीस वर्षं मिकीचा तो बारीक आवाज खुद्द वॉल्ट डिस्ने काढत. पुढे कामाचा व्याप वाढला, सिगारेटींनी घसा बसला आणि ते काम जिमी मॅक्डोनाल्ड यांच्याकडे गेलं. गळे बदलले, पण मुलांना पत्ता लागू दिला नाही.

आमच्या घरातली गंमत वेगळीच. नव्वदच्या दशकात दर रविवारी दूरदर्शनवर हिंदीतून 'डकटेल्स' हे डिस्नेचंच बदकांचं कार्टून लागायचं, तेव्हा माझा मुलगा जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसायचा. त्यातल्या श्रीमंत बदकाच्या, अंकल स्क्रूजच्या तिजोरीची त्याला खडान् खडा माहिती. मिकी मात्र त्याला दप्तरावरून आणि पाण्याच्या बाटलीवरून ठाऊक. मिकीची एखादी गोष्ट सांग म्हटलं असतं, तर एकही सांगता आली नसती. हे मला फार चमत्कारिक वाटतं. ज्याला सगळे ओळखतात, त्यानं काय केलं ते कुणाला आठवत नाही.

बहुधा हे डिस्ने कंपनीलाही जाणवलं असावं. 2013 पासून छोट्या कार्टूनांची एक नवी मालिका आली. तिच्यात मिकीचे डोळे पुन्हा जुन्यासारखे काळे ठिपके, आणि अंगात जुनी धांदल, जुना वेडेपणा. प्राण्यांचा छळ तेवढा नाही.

आणि 1 जानेवारी 2024 ला अमेरिकेत 'स्टीमबोट विली'वरचा स्वामित्वहक्क संपला. तो बिनहातमोज्यांचा मिकी आता कुणीही वापरावा. लगेच काहींनी त्याला घेऊन भयपटांची घोषणाही केली. माझ्या मुलाच्या दप्तरावरचा गोंडस मिकी मात्र अजून कंपनीच्या ताब्यात आहे.

नातीला मी यातलं थोडं सांगितलं. तिनं कागद घेतला, जुना मिकी काढला, त्याच्या हातात मांजर दिलं. मग खोडरबर घेऊन मांजराची शेपटी त्याच्या मुठीतून सोडवली. हातमोजे घालायचे का, विचारलं तर म्हणाली, "नको. उकडतं त्याला."

नमस्कार.