नजर अधू झाल्यावर घरापर्यंत पोहोचणारी मदत

मंडळी, डॉक्टर सांगतात, ‘आता औषधाने किंवा शस्त्रक्रियेने आणखी फरक पडणार नाही.’ नजर अधू झालेले बहुतेक लोक मदत केंद्रात येतात ते यानंतर, पण हा उशीर झाला. उपचार चालू असतानाच माणूस आला, तर उरलेल्या नजरेचा आधार घेत तो भिंग, काठी, फोन शिकतो. वर्षभर घरात बसून मग आला, तर त्याला उंबऱ्याबाहेर काढण्यातच महिने जातात.

चांगल्या डोळ्याने ३/६० पेक्षा कमी दिसत असेल तर जागतिक आरोग्य संघटना त्याला अंधत्व मानते. निकोप डोळ्याला ६० मीटरवरून ओळखता येणारं अक्षर इथे ३ मीटरवरूनही ओळखता येत नाही. पण हा आकडा घरातली अडचण सांगत नाही. पीतबिंदूचा, म्हणजे समोरचं नेमकं दाखवणाऱ्या पडद्याच्या मधल्या भागाचा, ऱ्हास झालेल्याला समोरच्याचा चेहरा ओळखता येत नाही, तरी कडेची नजर शाबूत असल्याने तो न धडपडता चालतो. काचबिंदू वाढलेला माणूस बारीक अक्षर वाचतो आणि वाटेतल्या स्टुलाला अडखळतो. दोघांनाही ‘ढोंग करतोय’ हे ऐकावं लागतं, बऱ्याचदा घरच्यांकडूनच. म्हणून पहिल्या भेटीत ‘किती दिसतं?’ यापेक्षा ‘कोणतं काम सुटलंय?’ हे विचारा. उत्तर येईल ते एकच काम आधी हातात घ्या.

समजा, ते काम वाचन आहे. लगेच मोठं भिंग देऊ नका, आधी दिवा हलवा. छतावरचा दिवा पुरत नाही. मान वळवता येणारा दिवा चांगल्या डोळ्याच्या बाजूला, डोळ्यांच्या पातळीच्या खाली आणा. अंतर निम्मं केलं की कागदावरचा उजेड साधारण चौपट होतो. मग भिंग. भिंगाची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. १० डायॉप्टरचं भिंग कागदापासून सुमारे १० सेंटिमीटरवर धरावं लागतं, २० डायॉप्टरचं ५ सेंटिमीटरवर. ताकद वाढली की एका वेळी दिसणारी अक्षरं कमी होतात. काचबिंदूत नजरेचं वर्तुळच आक्रसलेलं असतं. तिथे जास्त ताकदीचं भिंग दिलं की एखादंच अक्षर त्यात मावतं आणि वाक्य हरवतं. अशा वेळी कमी ताकद, भरपूर उजेड आणि गडद अक्षरं जास्त कामाची. हात थरथरत असेल तर स्टँडचं भिंग द्या. वाचनाचा फार शीण होत असेल तर फोनमधला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, शिकवा; तो बहुतेक स्मार्टफोनमध्ये आधीपासूनच असतो.

शेगडीच्या बटणांवर उठावाचे ठिपके चिकटवताना उत्साहाला आवर घाला. ‘बंद’ आणि ‘मध्यम’ एवढ्या दोन खुणा पुरतात. सगळीकडे ठिपके लावले की बोटाला काहीच ओळखता येत नाही. पायऱ्यांच्या कडेला उठून दिसणाऱ्या रंगाची पट्टी लावा, पण प्रत्येक पायरीला. एखादी सुटली तर तिथेच पाय फसतो. आणि घरच्यांना सांगा, फर्निचर हलवलं तर तसं बोलून दाखवा. दार उघडं ठेवायचं तर पूर्ण उघडं, नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड थेट कपाळावर लागते आणि पांढरी काठी तिची सूचना वेळेवर देईलच असं नाही. काठी जमिनीलगतचं सांगते, कमरेच्या वरचं बरंचसं तिच्या आवाक्याबाहेर राहतं.

स्वयंसेवकांची सर्वात मोठी चूक हाताची. दंड पकडून माणसाला पुढे ढकलतात! तसं केलं की पुढे काय आहे हे त्याला कळत नाही आणि तोल जातो. आधी विचारा, मग आपल्या हाताच्या पाठीने त्याच्या हाताला स्पर्श करा. तो तुमचा हात कोपराच्या जरा वर धरेल आणि अर्धं पाऊल मागे चालेल. तुमच्या अंगाची हालचालच त्याला वळण सांगते. वाट अरुंद झाली की तोच हात पाठीमागे घ्या, तो तुमच्या मागे येईल. पायरीपाशी थांबा, ‘वर’ की ‘खाली’ हे स्पष्ट सांगा, शेवटची पायरीही सांगा. खुर्चीत दाबून बसवू नका. त्याचा हात पाठीच्या टेकूवर ठेवा, बाकी तो करतो. मोकळ्या जागेत कधीही एकटं सोडून जाऊ नका, आधी भिंत किंवा टेबल हाताला लागू द्या. हे सगळं स्वयंसेवकांनी एकमेकांबरोबर करून पाहावं. नुसती डोळ्यांवर पट्टी बांधून तासभर फिरवण्यात मात्र फारसा अर्थ नाही. त्यात पहिल्या तासाची भीती कळते, सरावाने येणारं कसब कळत नाही, आणि हाती उरते ती दया.

आणखी एक गोष्ट आपणहून विचारावी लागते: ‘नसलेली माणसं, नक्षी, चेहरे दिसतात का?’ नजर कमी झाल्यावर मेंदू कधी कधी स्वतःच चित्रं रचतो. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. तो मनोविकार नाही, पण ‘वेडं ठरवतील’ या धास्तीने लोक गप्प राहतात. नजर गमावलेल्यांच्या पाच-सहा जणांच्या, फोनवरून एकत्र बोलणाऱ्या गटात कुणी एकाने हे बोलून दाखवलं की बाकीचेही बोलू लागतात. मात्र हे नव्याने सुरू झालं असेल, किंवा सोबत आवाज ऐकू येत असतील, गोंधळ होत असेल, तर डॉक्टरांकडे पाठवणं आवश्यक आहे.

दोन आठवड्यांनी पुन्हा घरी जा. भिंग खणात पडलेलं दिसलं तर रागावू नका. आधी दिवा कुठे आहे ते पाहा, मग भिंग किती अंतरावर धरतात ते, आणि शेवटी भिंगाची ताकद.