इन्स्टॉल सगळेच करतात, चालू कोण ठेवतं?

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग, सकाळची वेळ. बिडी कारखान्याच्या ब्रँचसमोर बायकांची रांग, प्रत्येकीच्या टोपलीत आदल्या दिवशी वळलेल्या बिड्या.)

नमस्कार मंडळी. आजचा विषय आहे घरच्या कॉम्प्युटरनं विज्ञानाला मदत करायची, आणि तरी कॅमेरा बिडीच्या ब्रँचसमोर का लावलाय असं तुम्हाला वाटत असेल, तर दोन मिनिटं थांबा.

हे बघा, ही मावशी काउंटरवर आली. काल इथूनच पानं आणि तंबाखू घेऊन गेली, घरी बसून बिड्या वळल्या, आज परत आणल्या. आत बसलेला माणूस एक बंडल उचलतो, बोटात फिरवून बघतो, दोन-चार बिड्या दाबतो, सैल निघाली की छाट म्हणून बाजूला टाकतो आणि उरलेल्यांची वहीत नोंद करतो. मावशी वहीत डोकावते, आकडा पटला नाही तर तिथल्या तिथं भांडते, पटला की नवीन माल घेऊन घरी. कारखाना एका जागी नाहीच, तो पसरलाय शेकडो घरांत, ओट्यांवर, टीव्हीसमोर.

डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंग म्हणजे हेच. एखाद्या विज्ञान प्रोजेक्टकडे डेटा एवढा प्रचंड असतो की एका सुपरकॉम्प्युटरवर तो तपासायचा तर भाडं परवडत नाही, मग त्या डेटाचे बारीक तुकडे करतात, त्याला म्हणतात वर्क युनिट, आणि ते जगभरातल्या साध्या लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर पाठवतात. तुमचा कॉम्प्युटर रिकामा असेल तेव्हा तो गणित करतो आणि उत्तर परत पाठवतो. बरेच प्रोजेक्ट तोच तुकडा दोन वेगवेगळ्या घरी पाठवतात आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच मान्य करतात, नाही जुळली तर तिसऱ्याकडे. मुदतही असते, आइनस्टाइन ॲट होम नावाच्या प्रोजेक्टमध्ये साधारण १४ दिवस, तेवढ्यात नाही दिलं तर तुमचा तुकडा दुसऱ्याला जातो. मान्य झालेल्या कामाचे पॉइंट मिळतात, त्याला क्रेडिट म्हणतात.

फरक एकच, पण मोठा. मावशीला मजुरी मिळते. इथं एक रुपया मिळत नाही, उलट लाइटबिल आपलं, मशीन आपलं, नेट आपलं. तरी माणसं का येतात, आणि आली तर का राहत नाहीत, हे बघायला आपण सोलापुरात फिरलो.

(दृश्य: जुनं स्क्रीनसेव्हर, रंगीत उभ्या रेघांचे डोंगर हलतायत.)

आधी थोडं मागं जाऊ. १७ मे १९९९ ला अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून सेटी ॲट होम सुरू झालं. पोर्टो रिकोतल्या अरेसिबोच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनं पकडलेल्या आवाजात परग्रहावरच्या कुणाचा सिग्नल आहे का, ते लोकांच्या कॉम्प्युटरवर शोधायचं. पुढं ५० लाखांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं, आणि त्यातल्या कित्येकांना ओढलं ते त्या स्क्रीनसेव्हरनं, कारण काम चाललंय हे डोळ्यांना दिसायचं! मला विचाराल तर भरतीची अर्धी युक्ती त्यातच होती. आज असलं सॉफ्टवेअर मागं गुपचूप चालतं, दिसत काहीच नाही, आणि जे दिसत नाही ते माणूस विसरतो.

२००० साली स्टॅनफर्डमधून विजय पांडे यांनी फोल्डिंग ॲट होम काढलं, प्रोटीनची घडी कशी पडते त्याचं सिम्युलेशन करायला. सेटीवाल्या डेव्हिड अँडरसन यांनी बॉइंक नावाचं सॉफ्टवेअर केलं, एकच ॲप टाकायचं आणि त्यातून हवा तो प्रोजेक्ट निवडायचा. हवामानाचा आहे, पल्सार, म्हणजे गरागरा फिरणारा मेलेला तारा, शोधायचा आहे, युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरचा, म्हणजे कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राचा आहे.

आणि मग आलं २०२०. लॉकडाऊनमध्ये फोल्डिंग ॲट होमनं कोरोनाच्या प्रोटीनवर काम सुरू केलं आणि लोक अक्षरशः तुटून पडले, आधी तीसेक हजार स्वयंसेवक होते ते काही आठवड्यांत लाखांत गेले, मार्चअखेर एक्साफ्लॉपचा टप्पा पार झाला, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं एवढी गणितं. जगातल्या कुठल्याही सुपरकॉम्प्युटरनं तेव्हा तेवढं केलेलं नव्हतं. पण त्याच वेळी दुसरी गंमत झाली ती फार कुणी सांगत नाही. माणसं इतकी आली की द्यायला कामच पुरेना! सर्व्हर गुदमरले, लोकांचे कॉम्प्युटर तुकड्याची वाट बघत नुसते बसले. उत्साहानं आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी 'थांबा, काम नाही' असं दिसलं तर तो किती दिवस थांबणार? लाट आली तशी पुढं ओसरली.

(दृश्य: कॉलेजचं कॉरिडॉर, मग लॅब. चेहरे दाखवायचे नाहीत, हात आणि कीबोर्ड.)

सोलापुरात एका कॉलेजमध्ये असाच एक ग्रुप झाला. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन, एका सरांनी प्रोजेक्टरवर बॉइंक दाखवलं, पोरं एकदम खूश, 'सर, आपल्या लॅपटॉपवर ब्लॅक होलचा डेटा येणार?' म्हणत अर्ध्या वर्गानं तिथल्या तिथं टाकलं, व्हॉट्सॲप ग्रुप झाला, स्क्रीनशॉट पडायला लागले. इथपर्यंत सगळं झकास. भरती करणं एवढं अवघड नसतंच बघा, तारे, एलियन, कॅन्सर असे शब्द घेतले की पोरं येतात.

मग आला एप्रिल.

सोलापूरचा एप्रिल ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस, पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट, आणि त्यात लॅपटॉपचा प्रोसेसर फुल लोडवर. ग्रुपवर एकाचा मेसेज आम्हाला दाखवला, 'बे, फॅन असा वाजायलाय की लूम सुरू हाय वाटायलंय घरात.' दुसऱ्याचा फोन गरम, तिसऱ्याच्या आईनं थेट विचारलं, 'रात्रभर मशीन चालू ठिवून काय मिळायलंय रे तुला?' आता याचं उत्तर त्या पोराकडं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याला ते कुणी दिलेलंही नव्हतं.

बिलाचं बोलूच, कारण ह्याच्यावर उत्साही मंडळी सोयीस्कर गप्प बसतात. कॉम्प्युटर फुल लोडवर शंभर वॅट जास्त खात असेल तर दहा तासात एक युनिट, रोज केलं तर महिन्याला तीस. घराचं बिल शंभर युनिटच्या आत बसत असेल आणि ह्या तिसामुळं ते वर गेलं, तर वरच्या युनिटचा दर एकदम चढतो, हे सोलापुरातल्या कुठल्याही घरच्या बाईला तोंडपाठ असतं. तेव्हा 'फुकटात विज्ञानाला मदत करा' असं पोस्टरवर लिहिणं हे माझ्या मते चक्क खोटं आहे. महिन्याला अंदाजे किती बिल वाढेल ते आधीच सांगा. ज्याला परवडत नाही तो येणारच नाही, आणि आला नाही तर रागावून जाणारही नाही.

त्यानंतर परीक्षा, मग कुणीतरी विंडोज फॉरमॅट मारली ती परत टाकलंच नाही, कुणाला वाटलं हे बिटकॉइनचं काहीतरी आहे, कुणी गावाकडं गेला. भांडून कुणीच गेलं नाही, नुसती एकेक करून पोरं बंद झाली. बंद झाली हेही कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मला वाटतं खरं दुखणं इथंच आहे. एखादी मावशी चार दिवस ब्रँचवर आली नाही तर रांगेतली शेजारीण विचारते, 'काय गं, बरं नाही का?' तुमचा कॉम्प्युटर चार महिने बंद पडला तरी सर्व्हर काही विचारत नाही, त्याचं काम दुसरीकडून होतं.

(दृश्य: रेल्वे लाइन्स भाग. जुनी कौलारू खोली, टेबलावर सीपीयू, बाजूला लांबट वही.)

आता टिकलेले बघू. बोटावर मोजण्याइतकेच आहेत. जुळे सोलापूरची एक मुलगी आहे, ती फक्त फोनवर करते. २०१३ पासून बॉइंक अँड्रॉइडवर चालतं, आणि त्याची मूळ सेटिंगच अशी की फोन चार्जिंगला असेल, वायफाय असेल आणि बॅटरी ९० टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच काम. ती म्हणते उन्हाळ्यात दुपारी नाहीच, रात्री फरशीवर फोन ठेवायचा, कव्हर काढून. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात एक हिशेबनीस आहेत, मालकाला विचारून ऑफिसच्या पीसीवर टाकलंय, चहाच्या वेळेला क्रेडिट बघतात, क्रिकेटचा स्कोअर बघावा तसं.

आणि हे आजोबा. रेल्वेतून रिटायर झालेले, नातवाच्या कॉम्प्युटरवर शिकले. नातू पुण्याला गेला, ग्रुप ह्यांच्याकडं राहिला. ते काय करतात बघा. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला प्रोजेक्टच्या वेबसाइटवर सगळ्यांची पानं उघडतात, वहीत रेघा मारून नाव, मान्य झालेले तुकडे, चुकलेले तुकडे असं लिहितात आणि ग्रुपवर प्रत्येकाला वेगळा मेसेज टाकतात. 'बाळा, तुझे ह्या महिन्यात तीन मुदतीबाहेर गेले, नेट बंद होतं का?' बस, एवढंच. रँक लावत नाहीत, पहिला-दुसरा नाही. मी विचारलं, आजोबा रँक का नाही, जगभर तर लीडरबोर्डच असतो. ते म्हणाले, 'अहो, वरच्या माणसाकडं ग्राफिक कार्डाची रांग असते, आमच्या पोरांना त्याच्या खाली लाखावा नंबर दाखवून काय करायचंय?'

मला हे शंभर टक्के पटलं. लीडरबोर्ड हा आधीच नादाला लागलेल्यांसाठी असतो. नव्या माणसाला आपलं काम पोचलं का, ते बरोबर निघालं का, आणि त्याचं पुढं काय झालं, एवढं कळलं तरी पुरतं. पहिली दोन उत्तरं आजोबा देतात. तिसरं प्रोजेक्टनंच द्यायला हवं, आणि तिथं काही प्रोजेक्ट फार भारी आहेत, काही एकदम ढ.

भारी म्हणजे कसं? आइनस्टाइन ॲट होम. २०१० साली अमेरिकेत आयोवातल्या ख्रिस आणि हेलन कॉल्विन या जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्झच्या डॅनियल गेबहार्ट यांच्या कॉम्प्युटरवर एक नवा पल्सार सापडला, सेकंदाला ४१ वेळा फिरणारा. शास्त्रज्ञांनी तो शोध 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापला आणि कुणाच्या कॉम्प्युटरवर सापडला ते नावासकट सांगितलं. घरातल्या कोपऱ्यात धूळ खात बसलेल्या डब्यानं तारा शोधला आणि मालकाचं नाव लागलं! ही बातमी आजोबांनी प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलीय. पण ते नव्या पोरांना असंही स्पष्ट सांगतात की आपल्याला असं काही सापडण्याचा चान्स लॉटरीएवढाच आहे, त्या आशेवर यायचं असेल तर येऊ नका.

सेटीचं बघा ना. ३१ मार्च २०२० ला त्यांनी नवीन काम पाठवणं थांबवलं. एकवीस वर्षं, आणि एलियन काही सापडला नाही. फसवणूक झाली का मग? नाही. लोकांच्या कॉम्प्युटरांनी गोळा केलेले जवळपास १२ अब्ज सिग्नल चाळत चाळत शास्त्रज्ञ शेवटी सुमारे शंभरावर आले आणि ते परत तपासायला चीनची 'फास्ट' नावाची रेडिओ दुर्बीण लावली. काही सापडलं नाही हे सांगणं पण हिशेबच आहे, फक्त तो वेळेवर यायला हवा, वर्षानुवर्षं गप्प बसून नाही.

(दृश्य: भय्या चौक, डॉ. कोटणीस स्मारक.)

सोलापुरात स्वयंसेवक म्हटलं की कुणीही डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घेणार, १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते परत आलेच नाहीत. तिथं आपण कुठं, आपल्याला फक्त चार्जर लावून झोपायचंय. तरी जमत नाही म्हणजे कमाल आहे, पण ते असो.

पुढचं बोलू. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो इंडिया उभी राहतेय, गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा, २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोचा डेटा आइनस्टाइन ॲट होमवर आधीपासून तपासला जातोय. पोरांना दूरच्या पोर्टो रिकोचं सांगण्यापेक्षा मराठवाड्यातल्या ह्या वेधशाळेचं सांगा, लगेच कान टवकारतात, आमच्या कॅमेऱ्यासमोरच टवकारले. फक्त हिंगोलीचा डेटा आत्ताच येतोय असं सांगू नका, ती अजून बांधून व्हायचीय.

ज्यांना आपल्या कॉलेजात किंवा गल्लीत ग्रुप काढायचाय त्यांनी एवढं करा. सुरुवात उन्हाळ्यात नको, पावसाळा लागल्यावर करा. बॉइंकच्या सेटिंगमध्ये प्रोसेसर पन्नास टक्क्यांवर आणा, कॉम्प्युटर वापरात नसेल तेव्हाच चालू ठेवा. लाइट गेली तर घाबरू नका, बहुतेक प्रोजेक्ट अधूनमधून काम सेव्ह करतात, आल्यावर तिथून पुढं चालू होतं. एकाऐवजी दोन प्रोजेक्ट जोडा, म्हणजे एकाकडं काम संपलं तरी मशीन रिकामं बसत नाही. महिन्याचा हिशेब कोण लिहिणार ते पहिल्याच दिवशी ठरवा, आणि तो माणूस कॉम्प्युटरचा हुशार असण्यापेक्षा चौकशी करणारा असू द्या.

आणि कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर टाकणार असाल तर आधी लेखी परवानगी घ्या. अमेरिकेत जॉर्जियामध्ये एका कॉलेजच्या कॉम्प्युटर ॲडमिननं न विचारता असलंच सॉफ्टवेअर कॉलेजच्या मशीनवर टाकलं होतं, त्याच्यावर चक्क फौजदारी खटला झाला आणि २००२ मध्ये दंड भरून प्रकरण मिटवावं लागलं. आपल्या सरांनी ते पत्र प्राचार्यांकडून सही-शिक्क्यासकट घेतलंय, लॅबच्या दारामागं चिकटवलंय, हे बघा.