डेकचा आवाज बसतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

बरीच वर्षं कपाटात पडून असलेला कॅसेट डेक पुन्हा लावायचा आहे, किंवा कुणाकडून जुना डेक मिळालाय आणि आता त्याला हात कुठून लावावा हे सुचत नाही, अशा मंडळींसाठी आजचं हे बोलणं आहे. डेक सुरू केला की पहिली तक्रार ठरलेली: आवाज बसका येतोय, गाण्यातली चमक गेलीय. एवढ्यावर मशीन संपलं असं धरून चालू नका. त्याचं हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा धातूचा भाग, शेवटचं कधी पुसलं होतं, ते आधी आठवा. बहुतेक बसलेले आवाज कापसाच्या काडीने आणि थेंबभर अल्कोहोलने मोकळे होतात.

हे असं का होतं ते एकदा नीट समजून घेऊ, म्हणजे पुढची सगळी काळजी आपोआप पटेल. फिलिप्सने 1963 साली ही कॅसेट आणली. तिच्यातली टेप 3.81 मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते. एवढ्याशा रुंदीत दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक बसवलेले असतात, एकेक ट्रॅक जेमतेम 0.6 मिलिमीटरचा. आता 10 किलोहर्ट्झचा आवाज घ्या. झांजेच्या किणकिणाटात, ‘स’च्या उच्चारात हा पट्टा असतो. त्याची एक लहर टेपवर 4.76 मायक्रॉन जागा घेते, म्हणजे मिलिमीटरचा साधारण दोनशेवा भाग. टेप आणि हेड यांच्यामध्ये फक्त एक मायक्रॉन जाडीचा मळ आला, तरी हा आवाज सुमारे 11 डेसिबलने खाली उतरतो. त्याच मळाने 200 हर्ट्झचा जाड आवाज पाव डेसिबलही हलत नाही. म्हणून तबल्याचा बायाँ जागच्या जागी राहतो आणि झांज मात्र दिसेनाशी होते.

डेक चालू करण्याआधी त्याची मागची बाजू पाहा. तिथे लिहिलेलं व्होल्टेज आणि तुमच्या घरातलं व्होल्टेज एकच हवं. काही डेकना मागे 110 आणि 220 असा बदलायचा स्विच असतो. तो पिन सॉकेटमधून काढूनच फिरवायचा. 110 चा डेक 220 वर लावला तर नशीब बरं असेल तर फ्यूज जातो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो. फ्यूज बदलायची वेळ आली तर जितक्या अँपिअरचा होता तितक्याचाच घाला, तारेचा तुकडा गुंडाळून काम भागवू नका. मेनची वायर कडक होऊन चिरली असेल तर ती आधी बदलून घ्या, गाणी नंतर.

जागेचं म्हणाल, तर डेक अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवायची सवय फार घरांत दिसते आणि ती मोडायला हवी. अ‍ॅम्प्लिफायरच्या उष्णतेने रबराचे भाग लवकर मरतात, हे एक. दुसरं असं, की डेकचं हेड मुळात अगदी क्षीण चुंबकत्व पकडण्यासाठी बनवलेलं असतं. खाली मोठा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याचं चुंबकीय क्षेत्रही ते पकडतं आणि सगळ्या गाण्यांमागे एक घुमघुम लागून राहते. घुमघुम येत असेल तर डेक हातात धरून हातभर बाजूला नेऊन पाहा. ती कमी झाली, तर दोष जागेचा आहे. स्पीकरही लांबच हवेत, कारण त्यांच्यातली चुंबकं शेजारी ठेवलेल्या कॅसेट हळूहळू खराब करतात.

जोडणी सोपी आहे. डेकचा लाइन आउट अ‍ॅम्प्लिफायरच्या टेप इन किंवा ऑक्सला, आणि रेकॉर्डिंग करायचं असेल तर अ‍ॅम्प्लिफायरचा टेप आउट डेकच्या लाइन इनला. लाल पिन उजवी, पांढरी किंवा काळी डावी. फक्त फोनो लिहिलेल्या जागी डेक लावू नका. ती जागा रेकॉर्ड प्लेयरच्या सुईसाठी असते. सुईकडून काही मिलिव्होल्ट येतात, डेककडून अर्ध्या व्होल्टच्या आसपास, शिवाय तिथे आवाजाचा पोतही मुद्दाम बदलला जातो. फाटका, दणदणीत, जाडा आवाज आला तर आधी ही पिन तपासा.

आता सफाई. पण त्याआधी एक विनंती: जुन्या डेकमध्ये पहिल्यांदा घालायची कॅसेट अशी निवडा, जी गेली तरी हळहळ वाटणार नाही. आजोबांच्या आवाजाची एकुलती एक कॅसेट पहिल्याच दिवशी घालू नका.

सफाईसाठी 90 टक्क्यांच्या वरचं, मिळालं तर 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. अत्तर, कोलन, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यांतलं काहीही चालणार नाही. एकात तेल असतं, दुसरं प्लॅस्टिक वितळवतं. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको, आणि डेकची पिन काढलेली हवी. डेकवर बाटली ओतायची नाही. कापसाची काडी ओली करून जास्तीचं टिपून घ्यायचं.

कॅसेटचं दार उघडून टॉर्च मारा. समोर धातूचं गुळगुळीत हेड दिसेल. त्याच्या तोंडावर, टेप जिथून घासून जाते तिथे तांबूस तपकिरी पट्टा दिसला, तर तो टेपवरून सुटलेला चुंबकीय थर आहे. काडी आडवी फिरवा, म्हणजे टेप ज्या दिशेने जाते त्याच दिशेने. काडी तपकिरी झाली की दुसरी घ्या, आणि काडी पांढरी निघेपर्यंत थांबू नका. शेजारचं छोटं इरेज हेड (जुनं रेकॉर्डिंग खोडणारं) आणि टेपला वाट दाखवणारे खांबही तसेच पुसा. नखाने, स्क्रूड्रायव्हरने किंवा ब्लेडने मळ खरवडायचा मोह झाला तर हात मागे घ्या. हेडवरचा एक ओरखडा पुढच्या प्रत्येक कॅसेटला ओरबाडतो.

हेडच्या बाजूला सुईसारखी बारीक पोलादी दांडी फिरते, ती कॅप्स्टन. तिच्यावर दाबून बसणारं काळं रबरी चाक म्हणजे पिंच रोलर. टेपचा वेग या दोघांच्या पकडीने ठरतो. दांडीवर मळाचं एक कडं जमलं तरी दांडी तेवढीच जाड होते आणि सूर डुलायला लागतात. सतार, सरोद, पियानो यांच्या लांबलेल्या स्वरात हे लगेच कानाला लागतं. कॅप्स्टन अल्कोहोलने पुसा, दोन बोटांत धरलेल्या काडीवर दांडी सगळीकडून येईल अशी. रोलर मात्र साबणाच्या एखाद्या थेंबाच्या कोमट पाण्याने पुसून लगेच कोरडा करा, कारण अल्कोहोल वारंवार लावलं की रबर कडक होतं. चांगला रोलर मऊ, काळा आणि किंचित खरखरीत असतो. पुसूनही चकचकीत आणि टणक वाटला, तर तो बदलायचाच. सफाई झाल्यावर पाच मिनिटं सगळं वाळू द्या. नियमित ऐकणाऱ्यांनी दर दहा तासांनी ही फेरी करावी; फार तर पाच मिनिटांचं काम आहे.

हेडशेजारी स्प्रिंग लावलेला एक छोटा स्क्रू दिसेल, त्यावर बहुधा रंगाचा ठिपका असतो. त्याला हात लावू नका. हेडचा टेपशी असलेला 90 अंशांचा कोन त्या स्क्रूने ठरतो. सगळ्या कॅसेट छान वाजतात आणि एकच बसकी येते, तर ती दुसऱ्या, कोन हललेल्या डेकवर भरलेली असण्याची शक्यता मोठी. तिच्यासाठी तुमचा डेक पिळलात, तर बाकी सगळ्या बसतील.

हेडचं साठलेलं चुंबकत्व काढायचं उपकरणही मिळतं. ते वापरायचं तर डेक बंद, कॅसेट लांब, उपकरण हेडपासून हातभर अंतरावर चालू करायचं, सावकाश जवळ न्यायचं, हेडपुढे हळू फिरवायचं, तितक्याच सावकाश मागे आणायचं आणि हातभर लांब आल्यावरच बंद करायचं. हेडजवळ असतानाच बटण सुटलं, तर हेड आधीपेक्षा जास्त चुंबकित होतं. हात स्थिर नसेल तर हा उद्योग न केलेला बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे. सफाईतून मिळणारा फायदा याच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

सवय मात्र एक लावूनच घ्या: आधी स्टॉप दाबायचं, मगच मेन बंद करायचा. खटक्याची बटणं असलेल्या डेकमध्ये प्ले दाबलेलं असतानाच वीज बंद केली, तर रोलर कॅप्स्टनवर दाबलेला तसाच राहतो. रात्रभरात रबरावर खड्डा पडतो आणि मग प्रत्येक फेऱ्याला सूर एकदा ठेच खातो. वीज अचानक गेली तरी उठून स्टॉप दाबा.

डॉल्बीच्या, म्हणजे टेपची फुसफुस कमी करणाऱ्या यंत्रणेच्या बटणाबद्दल थोडक्यात. ज्या डॉल्बीने भरलं, त्याच डॉल्बीने ऐकायचं. डॉल्बी बीने भरलेली कॅसेट बटण बंद ठेवून वाजवली तर आवाज टोचरा आणि फुसफुस जास्त. साधी भरलेली कॅसेट डॉल्बी लावून वाजवली तर आवाज दबलेला. हेड पुसायला घेण्याआधी हे बटण पाहा. टेपच्या जातीचंही तसंच. फेरिक, क्रोम, मेटल ही टेपवरच्या चुंबकीय थराची नावं, आणि वरच्या पट्टीतल्या आवाजाचा समतोल राखणारं ईक्यूचं बटण त्यानुसार ठेवायचं असतं: साध्या फेरिक टेपला 120 मायक्रोसेकंद, क्रोम आणि मेटलला 70. हे उलटसुलट झालं की चमक बदलते. पुष्कळ डेक कॅसेटच्या वरच्या कडेच्या खाचा चाचपून हे आपलं आपण ठरवतात.

रेकॉर्डिंग करताना सुरुवातीची पाचेक सेकंदं सोडा, तिथे नुसती कोरी पट्टी असते. साध्या टेपवर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्याचं टोक शून्य डेसिबलच्या आसपास राहू द्या. फार खाली ठेवलं तर फुसफुस वर येते, फार वर नेलं तर आवाज फाटतो. एफएम स्टीरिओवरून डॉल्बी लावून भरत असाल तर एमपीएक्स फिल्टर चालू हवा, नाहीतर प्रक्षेपणातला 19 किलोहर्ट्झचा स्वर डॉल्बीला चकवतो. भरून झालं की कॅसेटच्या वरच्या कडेची प्लॅस्टिकची जीभ मोडा. कॅसेटची भरलेली बाजू तुमच्याकडे आणि टेपचं तोंड खाली धरलंत, तर त्या बाजूची जीभ डावीकडे येते. पुन्हा भरायचं झालं तर त्या भोकावर चिकटपट्टी लावली की झालं, फक्त क्रोम आणि मेटलच्या खाचा झाकू नका. 120 मिनिटांची कॅसेट शक्यतो टाळा. तिची टेप सुमारे 9 मायक्रॉन जाडीची असते, 60 मिनिटांच्या टेपच्या निम्मी, आणि ती ताणायला नि गुंतायला सगळ्यात आधी तयार असते.

मोटरचा आवाज येतो पण चाकं फिरत नाहीत, असं झालं तर आतला बेल्ट गेला. काही जुने बेल्ट सैल होतात, काही अक्षरशः डांबरासारखे वितळून पुलीला चिकटतात. झाकण उघडण्याआधी पिन काढाच, कारण पुढचं बटण बंद असलं तरी आत फ्यूजपाशी मेनची वीज असू शकते. हातमोजे घाला, काळं सगळं अल्कोहोलने पुसून काढा, राहिलेल्या कणावर नवा बेल्टही घसरतो. नवा बेल्ट जुन्या ताणलेल्या बेल्टपेक्षा घेराने थोडा लहान आणि त्याच छेदाचा घ्या, चपट्याच्या जागी चपटा, चौकोनीच्या जागी चौकोनी. आणि सगळीकडे तेल सोडू नका. बेल्टवर किंवा रोलरवर तेलाचा एक थेंब गेला तरी पकड संपते.

टेप गुंतण्याचं मूळ बहुतेक वेळा उजव्या चाकात असतं. कॅप्स्टन टेप पुढे सोडत राहतो, पण गुंडाळणारं चाक घसरत्या रबरामुळे थांबलेलं असतं. मग सुटलेली टेप रोलरभोवती वळते. आवाज अडखळला की ताबडतोब स्टॉप. दार उघडेना तर हिसका देऊ नका. पिन काढा, कॅसेट जितकी बाहेर येईल तितकी अलगद उचला आणि रोलर बोटाने उलटा फिरवत टेप मोकळी करा. पीळ काढा, मग षटकोनी पेन्सिल कॅसेटच्या दातेरी भोकात घालून टेप आत घ्या. कॅसेटच्या तोंडाशी, टेपच्या मागे नमद्याची छोटी गादी जागेवर आहे ना, तेही तेव्हाच पाहा. ती गळून पडली असेल तर टेप हेडला टेकतच नाही आणि आवाज येतो-जातो.

टेप तुटलीच, तर साधी चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद उष्णतेने बाहेर येऊन हेडला लागतो. कॅसेटसाठी मिळणारी स्प्लायसिंग टेप आणा. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून 45 अंशात कापा, शेजारी शेजारी टेकवा, एकमेकांवर चढू देऊ नका, आणि पट्टी हेडला न लागणाऱ्या आतल्या बाजूने लावून नखाच्या पाठीने दाबा. बाहेर डोकावणारी कड कापून टाका. मग कॅसेट एकदा टोकापर्यंत पुढे आणि मागे फिरवा, आणि वाजवायला घ्याल त्याच वेळी तिची प्रत करून घ्या.

नमस्कार.