कारोनीच्या वाटेवर

पोर्ट ऑफ स्पेन म्हटलं की आपल्याला आठवतो १९७१चा मार्च आणि पहिल्याच कसोटीत चमकलेला गावसकर. त्याच्या वर्षभर आधी, १२ मार्च १९७० रोजी, याच शहरातून हजारो माणसं पायी निघाली होती. दक्षिणेला, कारोनी या ऊसपट्ट्याकडे.

पोर्ट ऑफ स्पेन ही त्रिनिदादची राजधानी. त्रिनिदाद स्वतंत्र होऊन तेव्हा आठ वर्षंही झाली नव्हती. पंतप्रधान एरिक विल्यम्स स्वतः गुलामगिरीचे इतिहासकार. झेंडा बदलला होता. पण बँका परक्यांच्या, साखर ब्रिटनच्या टेट अँड लाइल कंपनीची. ठिणगी पडली कॅनडातल्या मॉन्ट्रियलमुळे. तिथल्या विद्यापीठात वंशभेदाविरुद्ध उठलेल्या कॅरिबियन विद्यार्थ्यांवर खटले भरले होते. म्हणून २६ फेब्रुवारीला गेडेस ग्रेंजर यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा गेला रॉयल बँक ऑफ कॅनडावर, आणि पुढे थेट कॅथेड्रलमध्ये.

घोषणा होती ‘ब्लॅक पॉवर’, म्हणजे काळ्यांच्या हाती सत्ता. आता यात काळे कोण? कारोनीत कोयता चालवणारे बहुतेक भारतीय वंशाचे; १८४५पासून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आणलेल्यांची नातवंडं-पतवंडं. गुलामी संपली तेव्हा मळेवाल्यांना स्वस्तात राबणारे हात हवे होते, त्यातून हे लोक आले. तेव्हापासून आफ्रिकन आणि भारतीय वंशाचे दोन्ही समाज शेजारी राहिले, पण मनात अढी ठेवूनच. ऊस कामगारांचे पुढारी भदासे मराज यांचा तर मोर्चाला कडवा विरोध.

तरी माणसं चालली. हातात फलक, ‘आफ्रिकन आणि इंडियन, एक व्हा’. डोक्यावर ऊन, दोन्ही बाजूंना ऊस, तोडणीचा हंगाम. दंगल पेटेल म्हणणारे वाट बघत राहिले. दंगल झाली नाही. वाटेवरच्या गावांनी पाणी दिलं. अर्थात, पाणी देणं वेगळं आणि सोबत चालणं वेगळं. फड सोडून फारसं कुणी आलं नाही.

एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीने बॅसिल डेव्हिस हा तरुण गेला. त्याच्या अंत्ययात्रेला रस्ते पुरले नाहीत. पाठोपाठ साखर कामगारही संपाला लागले, आणि बहुधा सरकारला खरी धास्ती याचीच होती. २१ एप्रिलला आणीबाणी. धरपकड. त्याच दिवशी तेतेरोनच्या छावणीत सैनिकांनी बंड केलं. शहराकडे येणारा त्यांचा रस्ता तटरक्षक दलाने तोफांनी रोखला.

बंडाच्या म्होरक्यांपैकी एक होता लेफ्टनंट रफीक शाह, भारतीय वंशाचा. १९७२मध्ये तो तुरुंगातून सुटला आणि ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची संघटना बांधायला लागला.