फिल्टर कापल्याशिवाय ऑईल चेंज पूर्ण होत नाही

हे धुळ्याजवळचं गोंदूर विमानतळ. बाहेर रनवेवर ट्रेनिंगची विमानं उतरतायत, पुन्हा उडतायत, पण आपण आत हॅन्गरमध्ये आलोय कारण आजचं काम इथे आहे. समोर उभी आहे सेसना 172, पुढचं काऊलिंग, म्हणजे इंजिनवरचं झाकण, काढलेलं, आणि आत दिसतंय ते लायकमिंग कंपनीचं आयओ-360 इंजिन, चार सिलिंडर, 180 हॉर्सपॉवर. याला रेडिएटर नाही, पाणी नाही. समोरून येणारी हवा आणि आत फिरणारं ऑईल, एवढ्यावरच हे इंजिन थंड राहतं. म्हणजे ऑईलने फक्त घासणारे भाग ओले ठेवायचे असं नाही, पिस्टनची उष्णता ओढून न्यायची, रिंगांच्या फटी भरायच्या, काजळी धुवून आणायची आणि गंज लागू द्यायचा नाही. एवढी सगळी कामं संपात, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या टाकीत, मावणाऱ्या 8 क्वार्टकडून, म्हणजे साडेसात लिटरकडून करून घ्यायची.

काम सुरू करण्याआधी इंजिन थोडा वेळ चालवून घेतलंय. हे मुद्दाम. ऑईल गरम असलं की पातळ होतं आणि बारीक कचरा त्याच्यात तरंगत राहतो, मग ड्रेन उघडला की तोही बाहेर येतो. थंड इंजिनचं ऑईल काढलं तर वरचं निघून येतं आणि खालचा गाळ तसाच संपात बसून राहतो.

आता नळी लावली, ड्रेन उघडला. बघा रंग. काळंकुट्ट. कारमध्ये ऑईल काळं झालं की आपण म्हणतो खराब झालं, इथे मात्र काळं होणं म्हणजे ते आपलं काम करतंय. विमानाच्या ऑईलमध्ये डिस्पर्संट असतं, ते काजळीला खाली बसू देत नाही, स्वतःबरोबर फिरवत ठेवतं. शिवाय पेट्रोल आहे अॅवगॅस 100 एलएल, 2022 पासून इंडियन ऑईल ते बडोद्याच्या रिफायनरीत बनवते, आणि त्यात अजूनही शिसं असतं. जळलेलं शिसं थोडंथोडं करत रिंगांवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. हे सगळं बाहेर काढायचा रस्ता एकच, ऑईल बदलणं. आणि कुणी म्हणेल की गाडीचं चांगलं महागडं ऑईल टाकलं तर काय बिघडतं, तर बिघडतं. गाडीच्या ऑईलमधल्या धातूच्या क्षारांची जळल्यावर राख होते, ती राख सिलिंडरमध्ये बसून लालभडक तापते आणि स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटवते. म्हणून विमानाच्या डब्यावर अॅशलेस असं लिहिलेलं असतं.

ऑईल पूर्ण निथळायला वेळ लागतो, तोपर्यंत हा जुना फोटो बघा. हीसुद्धा सेसना 172 आहे, नाव हॅसिएंडा, अमेरिकेतल्या लास व्हेगासची. रॉबर्ट टिम आणि जॉन कूक या दोघांनी 4 डिसेंबर 1958 ला ती उडवली आणि खाली उतरवली 7 फेब्रुवारी 1959 ला. 64 दिवस, 22 तास, 19 मिनिटं. मधे एकदाही चाक जमिनीला टेकलं नाही. खालून रस्त्यावर ट्रक धावायचा, वरून हे विमान त्याच्याच वेगाने अगदी खाली उडायचं, आणि विंचने पाईप वर ओढून पेट्रोल भरायचं. सगळे त्या ट्रकच्याच गोष्टी सांगतात पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते, ती म्हणजे त्यांनी इंजिनला वेगळं पाईपिंग करून घेतलं होतं, इंजिन चालू असतानाच ऑईल आणि फिल्टर बदलता यावेत म्हणून. जमिनीवर न उतरता दोन महिने उडायचं म्हणणाऱ्या माणसांनीही ऑईल बदलणं टाळलं नाही, ते हवेत कसं बदलता येईल याची सोय केली. ते विमान आज लास व्हेगासच्या एअरपोर्टवर छताला टांगलेलं आहे.

परत हॅन्गरमध्ये. ऑईल निथळलंय. इंजिनच्या मागच्या अंगाला हा फिल्टर. सेफ्टी वायर कापली, खाली कापड धरलं, फिल्टर फिरवून काढला. काढल्या काढल्या टेक्निशियन दादा आधी काय बघतायत ते बघा, जुनं गास्केट, म्हणजे ऑईल गळू न देणारी रबरी रिंग, फिल्टरबरोबर आलं का. ते इंजिनला चिकटून राहिलं आणि त्याच्यावरच नवा फिल्टर बसवला तर दोन गास्केट होतात, मग हवेत तिथून ऑईल फवारा मारून बाहेर पडतं, प्रेशर शून्यावर येतं, काही मिनिटांत इंजिन जाम आणि खाली जे शेत दिसेल त्यात उतरायचं.

आता हे जे चाललंय त्यासाठी आम्ही हा व्हिडिओ बनवला. हा फिल्टर कटर. डबा उघडायच्या कटरसारखा फिरवत फिरवत फिल्टरचं डोकं कापायचं. करवतीने कापायचं नाही, कारण करवतीचा स्वतःचाच कीस आत पडतो आणि मग इंजिनचा धातू कुठला आणि करवतीचा कुठला ते कळत नाही. झाकण निघालं, आतला घड्यांचा कागद बाहेर आला. तो सुरीने दोन्ही कडांनी कापला, आणि आता हळूहळू उलगडतायत. एकेक घडी. घाई नाही. उन्हात धरून तिरका करून बघायचं, कारण ट्यूबलाईटखाली न दिसणारी चमक उन्हात दिसते. काळे कण दिसतायत ना, ते बोटाने चुरगळले की पूड होते, म्हणजे कार्बन, ठीक आहे. जो कण चुरगळत नाही आणि चमकतो तो धातू. मग लोहचुंबक. चिकटला तर स्टील, म्हणजे कॅमशाफ्ट, टॅपेट किंवा सिलिंडरकडून आलेला असू शकतो. नाही चिकटला तर बहुतेक अॅल्युमिनियम, म्हणजे पिस्टन किंवा पिस्टन पिनचे प्लग. दोन-चार बारीक कण असतील तर लिहून ठेवायचं आणि पुढचा फिल्टर लवकर कापून बघायचा. अर्धा चमचा धातू निघाला तर विमान जागचं हलवायचं नाही.

आज या घड्यांत फक्त कार्बन आहे. पण ते कळलं कसं, तर कापून बघितलं म्हणून. फिल्टर काढून तसाच कचऱ्यात टाकला तरी नवं ऑईल भरता येतं, विमान उडतं, कागदावर ऑईल चेंज असंच लिहिलं जातं. फक्त मागच्या 50 तासांच्या उड्डाणांत इंजिनच्या आत काय झिजलं ते कुणालाच कळत नाही. या कापण्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ती वाचवू नका एवढं आमचं म्हणणं.

संपातली जाळीसुद्धा काढून बघितली, साफ आहे. शिवाय ऑईल वाहत असताना मधल्या धारेतून ही छोटी बाटली भरून घेतली होती, ती लॅबला जाईल. डोळ्यांना दिसणार नाही इतकं लोखंड, तांबं, क्रोमियम त्यात किती ते लॅब सांगते. एका रिपोर्टवरून फार काही ठरत नाही, तीन-चार रिपोर्ट शेजारी ठेवले की आकडा कुठल्या दिशेने चाललाय ते दिसतं. धुळ्यासारख्या ठिकाणी सिलिकॉनच्या आकड्यावर खास नजर ठेवायची, तो चढला म्हणजे बहुधा एअर फिल्टरच्या कुठल्यातरी फटीतून धूळ आत जातेय.

नवा फिल्टर. गास्केटला डीसी-4 या सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, 16 ते 18 फूट-पाऊंड, त्यापेक्षा जास्त आवळायचा नाही. आणि ही सेफ्टी वायर. दोन पदरी पिळ बघा किती एकसारखा पडतोय, आणि वायरची दिशा अशी की फिल्टर सैल व्हायला गेला तर वायर त्याला उलटं घट्टच ओढेल. हे हात रोज असं काम करतात आणि त्यांच्याकडे कधी कुणी कॅमेरा घेऊन येत नाही.

ऑईल भरलं, डिपस्टिक पाहिली. आता ग्राऊंड रन, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून बघणं. इंजिन सुरू झाल्यावर 30 सेकंदांच्या आत प्रेशरचा काटा उठला पाहिजे, नाही उठला तर लगेच बंद. उठला. हिरव्या पट्टीत, 50 ते 90 पीएसआयच्या मधे. बंद करून टॉर्च घेऊन पुन्हा फिल्टरखाली पाहिलं, कोरडं.

एक गोष्ट पावसाळ्याची. लायकमिंगचं म्हणणं आहे ऑईल बदला 50 तास किंवा 4 महिने, जे आधी येईल ते. तासांचं सगळ्यांना पाठ असतं, 4 महिन्यांचं विसरलं जातं. जून ते सप्टेंबर ढग खाली, विमान दिवसेंदिवस हॅन्गरमध्ये, तास भरतच नाहीत. पण या इंजिनचा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, उभ्या विमानात त्याच्यावरचं ऑईल निथळून खाली येतं आणि दमट हवेत तो उघडा पडतो, गंज तिथूनच सुरू होतो. आधीच ऑईलमध्ये पाणी आणि आम्ल साठलेलं असेल तर आणखी लवकर. काही जण चांगल्या मनाने आठवड्यातून एकदा इंजिन जमिनीवरच दहा मिनिटं चालवून ठेवतात, त्याने उलट होतं, ऑईल 80-82 अंशांपर्यंत तापतच नाही, पाणी उडून जायच्या ऐवजी आणखी भर पडते. उडवता येत असेल तर उडवा, नसेल तर प्रिझर्वेशनच्या पद्धतीने नीट बंद करून ठेवा.

लॉगबुकमध्ये एएमई, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, सरांनी नोंद केली, सही केली, फिल्टरमध्ये काय सापडलं तेही लिहिलं. खाली पुढचं ऑईल कधी, त्यात दोन आकडे आहेत, एक तासांचा आणि एक तारखेचा. ज्या फ्लाइंग क्लबमध्ये अजून फक्त तासच लिहितात त्यांनी या पावसाळ्याच्या आधी तारखेचा रकानाही सुरू करावा.