पाहुणं सैन्य आणि शेजारच्या देशाची रीत

मंडळी, फौजी माणसाची परदेशी नेमणूक म्हटली की संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आठवते. तिथे जवान एकटा जातो. बायकापोरांना बरोबर नेता येईल अशा परदेशी जागा आपल्या लष्करात थोड्याच, आणि त्यांतली एक भूतान. 1962 साली तिथे भारतीय लष्कराचं प्रशिक्षण पथक स्थापन झालं, ज्याला फौजेत सगळे 'इम्ट्रॅट' म्हणतात. भूतानच्या सैनिकांना शिकवायचं हे त्याचं काम, आणि मुख्यालय 'हा' नावाच्या खोऱ्यात. माझे यजमान या पथकात होते. आज इथे बसलेल्यांपैकी काहींची मुलं-सुना तिकडे निघाली आहेत, म्हणून मी रोजच्या जगण्याविषयीच बोलणार आहे.

माझं म्हणणं एवढंच की, मित्राच्या देशात आपली फौज राहते तेव्हा तिथल्या माणसांना ती परेडवर दिसत नाही. ती दिसते भाजीबाजारात, रस्ता ओलांडताना, देवळाच्या दारात. तिथे जे दिसतं त्यावरूनच भारताबद्दल मत तयार होतं. म्हणून तिथली रीत पाळणं हा ड्यूटीचाच भाग आहे, आणि तो निम्म्याहून जास्त घरच्या माणसांच्या हातात आहे.

फरक सीमेवरच कळतो. आपल्या बाजूला जयगाव, पलीकडे फुंटशोलिंग, मध्ये एक रंगीत कमान. अलीकडे हॉर्न आणि रेटारेटी. कमान ओलांडून घड्याळ अर्धा तास पुढे करायचं आणि हॉर्नवरचा हात काढून घ्यायचा. झेब्रा पट्ट्यावर पाय ठेवला की तिथे गाडी थांबते. थिंफू राजधानी आहे, पण तिथे सिग्नलचे दिवे नाहीत, मुख्य चौकात पोलीस हातवारे करून वाहतूक सांभाळतो. पट्टा सोडून मधूनच रस्ता ओलांडलात तर तो शिट्टी वाजवून परत पाठवतो. आपल्या माणसाला वाटतं, रस्ता तर मोकळा आहे! असेना मोकळा. पट्ट्यावरूनच जायचं.

आता तंबाखू. सातारा-कोल्हापूरकडचा जवान आणि खिशातली चुन्याची डबी यांची फारकत करणं सोपं नाही. भूतानने 2004 साली तंबाखूची विक्री बंद केली आणि 2010 साली कडक कायदा आणला. स्वतःपुरता थोडा माल कर भरून आणता येई, पण पावती जवळ ठेवावी लागे. 2011 साली एका तरुण भिक्षूला 72 ग्रॅम तंबाखूपायी तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यावर देशात मोठा गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी कायदा सौम्य केला. 2021 पासून विक्रीही पुन्हा सुरू आहे. तरी चार माणसांत मळायला बसू नका. ज्या देशाने आपल्या भिक्षूला सोडलं नाही, तिथे पाहुण्याने सवलत मागू नये. आमच्याकडचे बरेच जवान डोमा खायला लागले. डोमा म्हणजे पान, सुपारी आणि चुना. तो तिथे घरोघरी चालतो, पण पिचकारी भिंतीवर मारायची नाही.

खाण्यापिण्याचे नियमही त्यांच्या श्रद्धेतून आलेले आहेत. आमच्या वेळी मंगळवारी बार बंद असत. त्यांच्या पंचांगातल्या पहिल्या आणि चौथ्या महिन्यात मांसविक्री बंद. आपण घरात श्रावण पाळतो, तिथे सगळा बाजार पाळतो. चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेला बुद्धांचं परिनिर्वाण मानतात, त्यामुळे तो महिना फार पवित्र. युनिटच्या कॅन्टीनमधून आणून घरात काही शिजवलं तर कोणी दार ठोठावत नाही, हे खरं. पण रस्स्याचा वास शेजारी जातोच. मी त्या दिवसांत डाळ-भात आणि बटाट्याची भाजी करत असे, आणि आमच्या ओळीतल्या बायकांनाही तेच सांगत असे.

एक दुपार मी कधी विसरणार नाही. 'हा' खोऱ्यातल्या एका शेजारणीने घरी बोलावलं होतं. बुखारीजवळ, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या शेगडीजवळ, बसवलं, लोणी-मीठ घातलेला चहा दिला, मग होएंते आणले. हे तिथल्या कुट्टूच्या पिठाचे उकडलेले करंजीसारखे पदार्थ, आत सलगमचा पाला आणि चीज. पुढे त्या आमच्याकडे आल्या. मी ताट पुढे केलं तर त्यांनी तळहात तोंडावर धरला आणि "मेशु, मेशु" म्हणत मान मागे घेतली. माझ्या शेजारी बसलेल्या नव्या मुलीला वाटलं त्यांना आवडलं नाही, आणि ती ताट उचलायला लागली. मी तिचा हात धरला. तिथे एक-दोनदा नको म्हणणं हाच शिष्टाचार आहे. यजमानाने पुन्हा आग्रह करायचा असतो. मराठी घरातल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. तिसऱ्यांदा वाढल्यावर त्यांनी दोन्ही हात पुढे करून पुरणपोळी घेतली. काही देताना-घेताना दोन्ही हात, हे मुलांनाही शिकवा.

चोर्तेन, म्हणजे स्तूप, नेहमी उजव्या हाताला ठेवून फिरायचं. रस्त्याच्या मधोमध चोर्तेन असेल तर गाडीसुद्धा तशीच वळवायची, फेरा मोठा पडला तरी. झोंगमध्ये, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठात, जाताना टोपी काढायची, छत्री मिटायची, गाभाऱ्यात फोटो काढायचा नाही. डोंगरावरच्या पांढऱ्या पताकांचे उंच खांब मृतांसाठी उभे केलेले असतात. सहलीला गेलेली पोरं त्यांच्याशी खेळणार नाहीत, हे बघायला हवं. आणि राजाविषयी थट्टेत बोलायचं नाही. घराघरात त्याची तसबीर असते आणि प्रेम मनापासूनचं असतं.

आपल्या बायकांना चकित करणारी गोष्ट घरांतली. तिथे आडनाव बहुधा नसतं, लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. पश्चिम भूतानात कित्येक घरं-जमिनी मुलीकडे जातात आणि नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक मान खाली घालतात. तिथे कोणी भुवईही उचलत नाही. "यांचं सासर कुठलं?" असं विचारलंत तर समोरचीला प्रश्नच कळणार नाही. शाळेत मुलाच्या मित्राचं आणि त्याच्या वडिलांचं नाव जुळलं नाही तर खोदून विचारू नका.

निघण्यापूर्वीचं एक काम सांगते. त्यांचं पंचांग चांद्र आहे, तारखा दर वर्षी हलतात. तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच युनिटमधल्या स्थानिक कारकुनाकडून वर्षाचे पवित्र दिवस लिहून घ्या आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करा. वाढदिवस, पार्टी, पाहुणे, सगळं त्या खुणा बघून ठरवा. आता तुमचे प्रश्न घेऊ.